एक विषाणू, अनेक देह

घरात एखादा मोठा आजार शिरला की त्याच्यामागोमाग एक प्रश्नही शिरतो : याच्याच वाट्याला का? उत्तर हाती नसले म्हणजे आपण पूर्वसंचिताकडे बोट दाखवितो आणि मोकळे होतो. ‘ज्याचे त्याचे कर्म’ हे शब्द बहुधा सांत्वन म्हणून उच्चारले जातात. परंतु ज्याच्या घरी दुःख आहे त्याच्या कानी ते निकालासारखे पडतात. कर्मविचार हा स्वतःच्या आचरणाकडे पाहण्याचा आरसा आहे. दुसऱ्याच्या अंथरुणाशी उभे राहून त्याच्या खात्याचा हिशेब वाचण्याचा अधिकार तो कोणाला देत नाही. ही गोष्ट मी पोथीतून वाचली होती खरी, पण तिचा अर्थ मला उमगला तो एचआयव्ही या विषाणूमुळे.

आमच्या चुलत्यांची सांगलीला अडत होती. पुढे ती माझा थोरला चुलतभाऊ सांभाळू लागला. आम्ही सारे त्याला दादा म्हणत असू. १९९६ च्या पावसाळ्यात दादाला ताप येऊ लागला, खोकला हटेना, वजन उतरत गेले. क्षयाचे निदान झाले आणि पाठोपाठ रक्ताची तपासणी झाली. वहिनींचीही झाली. दोघांच्याही रक्तात एचआयव्ही होता. दोघी मुलींची तपासणी निर्दोष आली, हाच काय तो त्या दिवसातील दिलासा. ‘हे कसे झाले?’ असे घरातील प्रत्येकाने विचारले. त्याचे उत्तर मी येथे देणार नाही. विषाणूला त्याच्याशी काही कर्तव्य नसते आणि पुढील विवेचनालाही नाही.

दादा १९९८ मध्ये गेला. वय अवघे एकोणचाळीस. वहिनींनाही फार दिवस उरलेले नाहीत, असे सर्वांनी धरून चालले होते. परंतु वर्षामागून वर्षे गेली आणि वहिनी तशाच राहिल्या. पहाटे उठून पाणी भरणे, मुलींचे डबे, दुपारी शिवणकाम, चातुर्मासातील उपवास, यांत खंड पडला नाही. औषध असे काही चालू नव्हते. त्यांचे हे निरोगी राहणे काहींच्या डोळ्यांत खुपू लागले. एका लग्नघरी, त्या ऐकत आहेत हे ठाऊक असूनही, कोणी म्हणाले, “नवऱ्याला खाऊन ही बघा कशी ठणठणीत.” दादाच्या मृत्यूचा ठपका अशा रीतीने त्यांच्या जगण्यावर ठेवला गेला.

त्या रात्री वहिनींनी मला विचारले, “भावोजी, तुम्ही कॉलेजात शरीरशास्त्र शिकविता. एकच रोग, एकच घर, एकच चूल. ते दोन वर्षांत गेले आणि मी का राहिले?”

मी प्राणिशास्त्राचा अध्यापक. प्रश्न माझ्या विषयातला होता, पण त्या वेळी जगातील प्रयोगशाळांतही त्याचे उत्तर अर्धेमुर्धेच होते. पुढील वीस वर्षे ते उत्तर जसजसे पुरे होत गेले, तसतसे मी ते वाचीत गेलो आणि वहिनींना सांगत गेलो. आज तेच वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम विषाणूचे वर्तन पाहू. एचआयव्ही शिरतो तो प्रामुख्याने रक्तातील सीडी-४ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या पेशींत. या पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीचे मुनीम. कोठे काय घडते आहे याची वर्दी त्या इतर पेशींना देतात. विषाणू त्यांच्यातच घर करतो, स्वतःच्या प्रती काढतो आणि हळूहळू त्यांची संख्या घटवितो. औषध न घेतल्यास संसर्गापासून एड्सच्या अवस्थेपर्यंतचा काळ सरासरीने दहा वर्षांच्या आसपास असतो. पण सरासरी म्हणजे अनेक वेगवेगळ्या आयुष्यांची बेरीज. कोणी दोन-तीन वर्षांतच खालावतात, कोणी वीस वर्षे ओलांडतात. शंभरांत एकाहूनही कमी माणसे अशी असतात की ज्यांच्या रक्तात विषाणू नेहमीच्या चाचणीत सापडतच नाही, आणि तेही कोणत्याही औषधावाचून. शास्त्रज्ञ त्यांना ‘नियंत्रक’ म्हणतात. विषाणू त्यांच्या शरीरात असतो. पण तो कैदेत असतो.

हा फरक कशामुळे पडतो? कधी विषाणूच दुबळा निघतो. परंतु बहुतेक नियंत्रकांमध्ये फरक विषाणूत नसून देहात आढळला. तो देहाच्या एका विशिष्ट वारशात आहे. त्याचे नाव एचएलए.

हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. मूत्रपिंडाचे किंवा अस्थिमज्जेचे रोपण करावयाचे झाले म्हणजे दाता आणि रुग्ण ‘जुळतात का’ हे पाहतात. ती जुळणी प्रामुख्याने याच एचएलए प्रथिनांची. फ्रान्सचे ज्याँ दॉसे यांनी १९५८ मध्ये त्यांचा पहिला शोध लावला आणि १९८० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही प्रथिने घडविणारी जनुके आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांशेजारी बसलेली असतात. पण निसर्गाने ती रोपणासाठी घडविलेली नाहीत. त्यांचे खरे काम वेगळे आहे आणि ते अडत दुकानातील एका नित्याच्या दृश्यावरून चांगले समजते.

धान्याचे पोते बाजारात आले की ते उसवीत नाहीत. टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसतात, तिच्या खाचेतून मूठभर दाणे बाहेर येतात, आणि तेवढ्यावरून आतला माल कसा आहे हे पारखणारा ओळखतो. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी हेच करते. पेशीत जी प्रथिने तयार होत असतात, त्यांचे बारीक तुकडे एचएलए रेणू आपल्या खाचेत धरून पृष्ठभागावर आणून दाखवितो. रक्तातून फिरणाऱ्या मारक टी-पेशी हा नमुना तपासतात. तुकडा शरीराच्या स्वतःच्या प्रथिनाचा असला तर त्या पुढे जातात. तो विषाणूचा निघाला तर ती पेशी बाधित आहे हे ओळखून तिला तेथेच संपवितात, म्हणजे नव्या विषाणूंची पैदास थांबते. मारक पेशी नमुना पाहतात तो नेहमी एचएलएच्या हातातूनच, हे रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे १९७० च्या दशकात दाखविले. त्यांना १९९६ मध्ये, म्हणजे आमच्या घरी निदान झाले त्याच वर्षी, नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रत्येकाच्या नळीची खाच सारखी नसते. एचएलएचे ए, बी आणि सी असे तीन मुख्य प्रकार या कामात असतात आणि प्रत्येकाचा एक वारसा आईकडून, एक वडिलांकडून येतो. मानवजातीत या प्रत्येक प्रकाराची हजारो रूपे आहेत. कोणाच्या खाचेत विषाणूचा एक तुकडा बसतो, कोणाच्या खाचेत दुसरा. वरवर हा फरक क्षुल्लक वाटेल. पण एचआयव्हीच्या बाबतीत सारे त्याच्यावर अवलंबून असते, कारण हा विषाणू विलक्षण वेगाने रूप पालटतो. मारक पेशींनी ओळखलेला तुकडा तो थोड्याच दिवसांत बदलून टाकतो आणि नजर चुकवितो.

मात्र त्याला सर्वच काही बदलता येत नाही. विषाणूच्या गाभ्याभोवती प्रथिनांची एक घट्ट कुपी असते. तिच्यातील काही भाग असे नेमके जोडलेले असतात की तेथे फेरफार केला तर कुपीच नीट बनत नाही आणि विषाणू पंगू होतो. चोराला वेश बदलता येतो, स्वतःची हाडे बदलता येत नाहीत, तसेच हे. एचएलए-बी-५७ आणि एचएलए-बी-२७ ही दोन रूपे ज्यांच्या वाट्याला आली आहेत, त्यांच्या खाचेत नेमके या कुपीचे तुकडे घट्ट बसतात. मारक पेशी मग विषाणूच्या वेशावर हल्ला न करता त्याच्या हाडांवर करतात. त्याने निसटण्यासाठी तेथे बदल केलाच, तर त्याची वाढण्याची शक्ती घटते. याउलट एचएलए-बी-३५ ची काही रूपे असलेल्यांमध्ये रोग अधिक वेगाने बळावतो, असेही आढळले आहे.

अनेक वर्षे हे ज्ञान तुकड्यातुकड्यांनी जमत होते. २०१० मध्ये त्याला मोठा पुरावा मिळाला. अमेरिकेतील बॉस्टन येथील ब्रूस वॉकर आणि त्यांच्या अनेक देशांतील सहकाऱ्यांनी ९७४ नियंत्रकांची आणि ज्यांच्यात रोग वाढत गेला अशा २६४८ जणांची जनुके ताडून पाहिली. संपूर्ण जनुकसंचातील लाखो जागा तपासल्या. त्यांपैकी ३०० हून अधिक जागी दोन गटांत ठळक फरक दिसला आणि त्या साऱ्या जागा सहाव्या गुणसूत्रावरील एचएलएच्या परिसरातच निघाल्या. आणखी बारकाईने पाहता हा फरक मुख्यतः एचएलए-बी रेणूच्या त्या खाचेतील मोजक्या अमिनो आम्लांपाशी येऊन थांबला. रेणूतील चार-दोन कणांची अदलाबदल, आणि एक देह विषाणूला बांधून ठेवतो तर दुसरा त्याच्यापुढे हरतो.

वॉकर यांना या शोधाकडे नेणाऱ्यांपैकी एक होते बॉब मॅसी. त्यांना जन्मतः हिमोफिलिया होता, म्हणजे रक्त न गोठण्याचा विकार. त्यावर घ्याव्या लागणाऱ्या रक्तघटकांतून १९७८ च्या सुमारास, या रोगाला नावही नव्हते तेव्हा, त्यांना एचआयव्हीची बाधा झाली. त्याच औषधातून बाधित झालेले असंख्य हिमोफिलियाग्रस्त दगावले. मॅसी औषधावाचून दशके धडधाकट राहिले आणि आपले रक्त त्यांनी संशोधनाला दिले. पण याच मॅसींना त्याच दूषित रक्तघटकांतून हेपेटायटिस-सी झाला होता. त्याने त्यांचे यकृत निकामी केले आणि २००९ मध्ये त्यांना यकृतरोपण करून घ्यावे लागले. ज्या देहाने एका विषाणूला रोखले, तोच देह दुसऱ्यापुढे असहाय ठरला. त्यांना कोणी ‘पुण्यवान’ म्हणावे की ‘पापी’?

दुसरी कहाणी न्यूयॉर्कच्या स्टीफन क्रोन यांची. ते चित्रकार होते. १९८० च्या दशकात त्यांचे जिवलग एकामागून एक एड्सने गेले, पण संसर्गाची पुरेपूर शक्यता असूनही क्रोन यांना बाधा झाली नाही. ते स्वतः संशोधकांकडे गेले आणि ‘माझ्यात काय वेगळे आहे ते शोधा’ असे म्हणाले. प्रयोगशाळेत त्यांच्या पेशींवर विषाणू सोडला, तरी तो आत शिरेना. १९९६ मध्ये कारण उलगडले. विषाणूला पेशीत शिरण्यासाठी सीडी-४ खेरीज आणखी एक कडी लागते, तिचे नाव सीसीआर-५. क्रोन यांच्या या जनुकाच्या दोन्ही प्रतींतून ३२ अक्षरे गळालेली होती. त्यामुळे कडीच तयार होत नव्हती. उत्तर युरोपीय वंशाच्या शंभरांत साधारण एकाला असा दुहेरी वारसा मिळतो. भारतीयांत तो फारच विरळा. क्रोन २०१३ मध्ये निवर्तले. सारे गेले आणि आपण मागे राहिलो याचे ओझे त्यांनी शेवटपर्यंत वाहिले, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी सांगितले. सांगलीतील एका स्वयंपाकघरात विचारला गेलेला प्रश्न न्यूयॉर्कमध्ये एक माणूस आयुष्यभर स्वतःला विचारीत होता, हे वाचून मी बराच वेळ सुन्न बसलो.

क्रोन यांच्यासारख्या जनुकाचा उपयोग पुढे एका रुग्णासाठी झाला. बर्लिनमध्ये राहणारे टिमथी रे ब्राऊन यांना एचआयव्ही तर होताच, शिवाय रक्ताचा कर्करोग झाला. त्यांच्या डॉक्टरांनी, गेरो ह्युटर यांनी, मज्जापेशींसाठी मुद्दाम असा दाता शोधला की ज्याच्यात सीसीआर-५ ची ती कडी नव्हती. २००७ मध्ये पहिले आणि पुढच्या वर्षी दुसरे रोपण झाले. त्यानंतर ब्राऊन यांच्या शरीरात विषाणू पुन्हा उफाळला नाही. एचआयव्हीतून पूर्ण मुक्त झालेले ते जगातील पहिले गृहस्थ. २०२० मध्ये ते गेले ते कर्करोग उलटल्यामुळे. मात्र असे रोपण जिवावर बेतणारे असते. कर्करोगासारखे दुसरे कारण असल्याखेरीज ते करीत नाहीत.

इतके वाचल्यावर कोणालाही वाटेल की बी-५७ किंवा बी-२७ हे रूप म्हणजे वरदानच. येथे निसर्ग आपल्याला थांबवितो. बी-२७ असणाऱ्यांमध्ये पाठीचा कणा आखडून टाकणाऱ्या एका संधिविकाराची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी अधिक असते. हाडांचे डॉक्टर तरुणाची सततची पाठदुखी पाहून जी बी-२७ ची तपासणी लिहून देतात, ती हीच. बी-५७ ची गोष्ट तर आणखी विचित्र आहे. अबाकाविर नावाचे एचआयव्हीवरील एक चांगले औषध आहे. ज्यांच्यात बी-५७ चे ०१ हे उपरूप असते, त्यांच्यातील पुष्कळांना या औषधाने तीव्र, प्रसंगी प्राणघातक प्रतिक्रिया येते. हा संबंध २००२ मध्ये उघड झाला. पुढे १९ देशांतील सुमारे २००० रुग्णांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखविले की आधी हे जनुक तपासून मगच औषध दिले तर खऱ्या अर्थाने जनुकजन्य अशी प्रतिक्रिया पूर्णपणे टळते. जो रेणू विषाणूपासून रक्षण करतो, तोच विषाणूवरील औषधाला वैरी समजतो. वस्तूला अनेक बाजू असतात, हे आपल्या परंपरेला नव्याने शिकवावे लागत नाही. येथे तर एकाच रेणूत ते प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

यातून आणखी एक बोध निघतो. चांगले जनुक आणि वाईट जनुक अशी मांडणी मुळातच फसवी आहे. १९९९ च्या एका अभ्यासात असे दिसले की ज्यांचे आईकडून आणि वडिलांकडून आलेले एचएलए वारसे एकमेकांपासून भिन्न असतात, त्यांच्यात एचआयव्ही सावकाश वाढतो. दोन्हीकडून एकच रूप आलेले असले तर तो लवकर बळावतो. नळ्यांच्या खाचा जितक्या निरनिराळ्या, तितके अधिक प्रकारचे तुकडे उजेडात येतात. निसर्गाने मानवजातीत हजारो रूपे टिकवून ठेवली ती उगीच नव्हेत. कोणता रोग केव्हा येईल हे ठाऊक नसल्यामुळे त्याने सर्व धन एकाच पेटीत ठेवले नाही, एवढेच.

आणि या वारशाची सत्ताही मर्यादितच आहे. बाधितांच्या रक्तातील विषाणूच्या प्रमाणात माणसामाणसांत जो फरक आढळतो, त्यातील सुमारे पाव हिस्साच आज ज्ञात असलेल्या मानवी जनुकांनी उलगडतो. बी-५७ असूनही लवकर आजारी पडलेली माणसे आहेत आणि ते नसताना विषाणूला रोखून धरणारीही आहेत. कॅलिफोर्नियातील लॉरीन विलेनबर्ग यांना १९९२ मध्ये बाधा झाली. औषध न घेता त्यांनी विषाणूला असे काही हटविले की २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांच्या दीडशे कोटींहून अधिक पेशी चाळूनही एकही अखंड विषाणू मिळाला नाही. त्याच संशोधनात ६४ नियंत्रकांची पाहणी होती. त्यांच्यात विषाणूचा अंश उरला होता तो पुष्कळदा गुणसूत्रांच्या अशा ओसाड जागी, जेथून त्याला डोके वर काढता येत नाही. मारक पेशींनी वर्षानुवर्षे सुपीक जागांतील शत्रू वेचून काढला आणि उजाड माळावरचा तेवढा शिल्लक राहिला, असा त्याचा अर्थ लावतात. पण अशा व्यक्ती बोटांवर मोजण्याइतक्या. बहुतेक नियंत्रकांच्या शरीराला या पहाऱ्याची किंमत मोजावी लागते : आतल्या आत दाह चालू राहतो, काहींना हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि काहींचा पहारा काही वर्षांनी ढिला पडतो.

वहिनींचाही पडला. २००९ मध्ये त्यांच्या सीडी-४ पेशींची संख्या उतरू लागली आणि सरकारी केंद्रातून त्यांची औषधे सुरू झाली. त्या काळात एका दुपारी मी त्यांना पोत्याचा आणि नळीचा दृष्टान्त देऊन हे सारे सांगितले. त्यांची एचएलए तपासणी कधी झालेली नव्हती आणि उपचारासाठी तिची गरजही नव्हती. पण इतकी वर्षे त्यांच्या शरीराने जे केले त्याचा मार्ग साधारण असा असतो, हे त्यांना समजले. अडत दुकानात आयुष्य गेलेल्या बाईंना नळीची गोष्ट माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होती. त्या शिवण बाजूला ठेवून म्हणाल्या, “म्हणजे यात माझे कर्तृत्व काही नाही?”

“काही नाही,” मी म्हणालो. “जन्मताच मिळालेली गोष्ट.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग त्यांचाही काही दोष नव्हता.”

मी जे वर्षानुवर्षे वाचीत होतो, त्याचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले होते. वाचणे ही जर कमाई नसेल, तर जाणे ही शिक्षा ठरत नाही. लोकांनी त्यांच्या जगण्यावर ठेवलेला आळ त्यांनी बाजूला सारला आणि त्याच हाताने दादाच्या मरणावरचाही.

दादा दोन वर्षांत का गेला, याचे अर्धे उत्तर त्याच्या देहात असेल; उरलेले अर्धे काळात आहे. एकाच वेळी तीन औषधे देण्याची प्रभावी उपचारपद्धती जगापुढे आली ती १९९६ मध्येच. पण तिचा खर्च रुग्णामागे वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने, युसूफ हमीद यांच्या पुढाकाराने, तेच त्रिऔषध एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केले आणि साऱ्या जगातील किमती खाली आल्या. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. दादा १९९८ मध्ये गेला. ज्ञान झाले होते, पण औषध आमच्या दारापर्यंत पोहोचले नव्हते, अशा सांदीत तो सापडला. वहिनींच्या देहाने त्यांना ही सांदी ओलांडून दिली.

म्हणूनच मला वाटते की या संशोधनाचे खरे मोल नियंत्रकांच्या कौतुकात नाही. थोड्यांच्या देहात निसर्गतः जे घडते ते सर्वांच्या देहात कसे घडवावे, हा त्याचा हेतू आहे. मारक पेशींना विषाणूच्या वेशाऐवजी त्याची हाडे ओळखावयास शिकविणारी लस तयार करण्याचे प्रयत्न याच दिशेने चालू आहेत. तोवर जे थोड्यांना वारशाने मिळते, त्याच्या तोडीचे काम रोजची गोळी करते आणि ती जनुक पाहून भेदभाव करीत नाही. आपल्या देशात २०१७ पासून सीडी-४ पेशी किती आहेत याची वाट न पाहता निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. नियमित औषधाने रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर त्या व्यक्तीकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून बाधा होत नाही, हेही आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. आपल्या शरीरातील प्रतिकारशक्तीच्या भरवशावर औषध लांबणीवर टाकणे मात्र घातक ठरू शकते.

आता समाजाविषयी एक-दोन शब्द, कारण हे मासिक घराघरांतून वाचले जाते. वहिनींच्या थोरल्या मुलीचे ठरत आलेले लग्न मोडले. “रक्तात असेल,” एवढेच कारण समोरच्यांनी मध्यस्थामार्फत कळविले. मुलीची तपासणी निर्दोष होती आणि तसा दाखलाही होता. एचआयव्ही आनुवंशिक नाही. गरोदरपणी, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून तो आईकडून बाळाला जाऊ शकतो, आणि वेळेवर औषध दिल्यास बहुतेक वेळा तेही टळते. रक्तातून खरोखर जे येते ते वेगळेच. प्रत्येक अपत्याला एचएलएचा एक संच आईकडून मिळतो, एक वडिलांकडून. वहिनींच्या मुलींमध्ये त्यांच्या वाचलेल्या आईचा आणि न वाचलेल्या वडिलांचा वारसा शेजारी शेजारी आहे. उद्या एखादी निराळीच साथ आली तर त्यांतला कोणता वारसा उपयोगी पडेल, हे कोणी सांगावे? ज्याला आपण दुबळा समजलो, तोच कदाचित.

२०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, नोकरीत, शिक्षणात, उपचारांत असा भेदभाव करण्यास बंदी घातली आहे आणि बाधित व्यक्तीच्या संमतीवाचून तिची माहिती उघड करण्यासही. कायदा कचेरीत आणि रुग्णालयात उपयोगी पडतो. पंगतीत, हळदीकुंकवाला, वधूवर चौकशीच्या वेळी तो हजर नसतो. तेथे आपणच असतो.

सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही तपासणी मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते. वहिनी आज साठीच्या पुढे आहेत. सोळा वर्षांहून अधिक काळ गोळी एकदाही न चुकविता घेत आहेत आणि नव्याने निदान झालेल्या बायकांसोबत त्या केंद्रापर्यंत जातात. आपल्या नात्यात, शेजारी असे कोणी असेल, तर ‘हे कसे झाले?’ हा प्रश्न विचारू नये. ‘औषध सुरू झाले का?’ एवढे विचारावे, आणि झाले नसेल तर सोबत जावे.